चौदा ठिकाणी छापलेली चूक

समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या मुख्य अभियंता मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, पाणीपुरवठा विभागातले माझे सगळे सहकारी, आलेले दोन पत्रकार मित्र, आणि मी किती वेळ बोलतो यावर लक्ष ठेवायला पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती, सर्वांना नमस्कार.

मघापासून इतकं कौतुक ऐकतोय, की निवृत्त होणारा हा थोर माणूस कोण, हे मलाच बघावंसं वाटतंय. आभारी आहे. एकतीस वर्षं मी या विभागाचा जनसंपर्क अधिकारी. म्हणजे काय? नळाला पाणी येणार असेल तर मला कुणी ओळखत नाही. येणार नसेल तर लग्नातसुद्धा गाठतात.

पूर्वी प्रसिद्धिपत्रक पाठवलं की अर्ध्या तासात फोन वाजायचाच. पलीकडे एक वार्ताहर. आम्ही त्याला शंकासूर म्हणायचो. "साहेब, पाणी तपासलं कुणी? अहवाल तुम्ही स्वतः वाचलात का?" मी चडफडत जिना उतरून प्रयोगशाळेत जायचो आणि कागद बघायचो. खरं सांगतो, वर्षातून चार-पाच वेळा तरी पत्रक दुरुस्त करावं लागायचं. त्याबद्दल त्याचे आभार कधी मानले का? छे! उलट त्याच्या नावानं बोटं मोडली.

पुढे वर्तमानपत्रांची पानं घटली, माणसं घटली, शंकासुराला घरी बसवलं. आता पत्रक पाठवलं की चार मिनिटांत बातमी, स्वल्पविरामासकट जशीच्या तशी. फोन नाही, प्रश्न नाही. त्या आनंदात मी खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजला होता. तुमच्यापैकी काही जण तो प्यायलेही आहेत.

मॅडम, घड्याळाकडे बघू नका, मुद्द्यावर येतोय.

दोन महिन्यांपूर्वी उत्तरेकडच्या वस्तीतली जलवाहिनी दुरुस्त झाली. मी गेल्या वर्षीचं पत्रक उघडलं, तारीख बदलली, वस्तीचं नाव बदललं आणि पाठवून दिलं. शेवटची ओळ जुनीच राहिली: 'पाणी थेट पिण्यास योग्य आहे.' चौदा ठिकाणी ती छापून आली. एकानंही विचारलं नाही, अहवाल वाचलात का म्हणून. वाचला नव्हता. तो माझ्याच टेबलावर होता, आणि त्यावर लाल शाईत लिहिलं होतं: तीन दिवस पाणी उकळून प्यावे.

चाळीसेक माणसं आजारी पडली. त्याच वस्तीत राहणारे माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे नऊ दिवस दवाखान्यात होते. मी डबा घेऊन जायचो. बहीण म्हणायची, "दादा, तू किती करतोस रे आमच्यासाठी!" मी मान खाली घालून डबा उघडायचो.

मग खुलासा काढायची वेळ आली. तोही मीच लिहिला. 'प्रयोगशाळेकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे' असं त्यात घातलं. वरून कुणाचा दबाव नव्हता. मी घाबरलो होतो, एवढंच. वाटलं, कुणीतरी विचारेल, मग सावरून घेऊ. तोही चौदा ठिकाणी छापला गेला. पुन्हा एकही फोन नाही.

त्या खुलाशावरून प्रयोगशाळेतल्या ताईंची चौकशी लागली आहे. येत्या सोमवारी. लाल शाईतली ती ओळ त्यांनीच लिहिली होती. आत्ता तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. ताई, तुम्ही माझ्या निरोपाला आलात, मगाशी फूलही दिलंत. मला ते हातात धरवेना.

सौभाग्यवती खुणावताहेत, बसा म्हणून. आज बसणार नाही. काल घरी सांगितलं तेव्हा त्या रडल्या, पण सकाळी त्यांनीच शर्टाला इस्त्री करून दिली.

तेव्हा पत्रकार मित्रहो, हे लिहून घ्या. चूक माझी होती आणि खुलासा खोटा होता. मूळ अहवाल मी जपून ठेवलाय, तो आत्ता मॅडमच्या हाती देतो. काय विचारायचं ते विचारा, मी कुठेही जात नाही. आणि माझ्या जागी जो कुणी येईल, त्याच्या खोलीत उलटतपासणी घेणारं एक माणूस बसवा. बाहेरून प्रश्न येईनासे झालेत, म्हणून तर ते आता आतच विचारायला हवेत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या पत्रकाबद्दल मात्र माफी देऊ नका. सोमवारी त्या खुर्चीवर ताईंना नाही, मला बसवा.