साधं पाणी पिणारा माणूस हवाय!

...नाही, पण मला सांगा, साधं पाणी कोण पितं हो? असुन्सिओनमध्ये, या उकाड्यात, नुसतं साधं पाणी? तुम्हाला सांगते, अशी चार माणसं मिळाली असती ना, तर आज माझा विभाग वाचला असता!

झालं काय, आमचे संचालक डॉन आतिलानो. त्यांनी भिंतीवर तक्ता रंगवला, औषधी वनस्पतींवर कुठल्या देशाचे किती पेपर! ब्राझीलचा खांब थेट छताला, अर्जेंटिनाचा खिडकीपर्यंत, आणि आमचा पराग्वे... मी म्हटलं, "सर, डास बसलाय." "डास नाही, आपला देश आहे तो, निमिया! यंदा एक पेपर आण, नाहीतर तुझा विभाग पशुवैद्यक खात्यात!"

घ्या! अहो, आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर पाला कुटणाऱ्या बायका, अख्खा देश सकाळपासून तेरेरेच्या, म्हणजे आमच्या गार चहाच्या, बर्फगार पाण्यात झाडपाला घालून पितोय, आणि खांब ब्राझीलचा? मी पेटलेच! पोटदुखीवाली माणसं जमवली, दोन गट केले. एकाला पोटाला बरा म्हणतात त्या कोकूच्या झाडाचा पाला घातलेलं पाणी, दुसऱ्याला नुसतं. महिन्याने बघते तर दोन्हीकडची पोटं ठणठणीत! साध्या पाण्यातल्या देओग्रासियाबाईंना धरलं, तर त्या माझीच कीव करतात. "अगं पोरी, साधं पाणी कोण पितं? तुला वाईट वाटू नये म्हणून प्यायलो की तुझं पाणी. कोकू टाकून! आणि त्या पलीकडच्यांनाही बोलावलं, एकट्याने का प्यायचं असतं?" म्हणजे एकच पेला, एकच नळी, आणि माझे दोन्ही गट गोल करून बसलेले!

नवी माणसं आणली, तीच तऱ्हा. एका पाद्रीबाबांना देवाची शपथ घातली. "पिईन हो साधं," म्हणाले, आणि दारातून हळूच, "पुदिना चालेल ना?" संशोधनपत्रिकावाले विचारतात, "पाला न घेणारा गट कुठाय?" अहो, कबरीत आहे!

शेवटी ब्राझीलमध्ये, साओ पाउलोच्या प्रयोगशाळेतल्या जुरेमाबाईंना रडत फोन केला. "इथे सगळे कॉफी पितात गं, तुझ्या कोकूचं नावही कुणाला ठाऊक नाही. पाठव पाला!" पाठवला. प्रयोग झाला, गुण आला, पेपर छापला! मी नाचत डॉन आतिलानोंकडे!

त्यांनी वाचलं, नावांच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "निमिया, पाला आपला. पण माणसं त्यांची, प्रयोगशाळा त्यांची, पहिलं नाव त्या बाईंचं... हा पेपर मोजायचा कुणाच्यात?"

मला खरंच रडू आलं हो. ओरडले असते तर बरं वाटलं असतं! पण त्यांनी स्टूल ओढलं, ब्रश माझ्या हातात दिला. "चढ. तूच रंगव."

चढले, काय करता? ब्राझीलच्या खांबाची भिंत संपली होती, छतावर रंगवला.