सेरवाचा आवाज आणि बॅकअपवाले

टक्... टक्... टक्! हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला पन्नास वर्षांपूर्वी, इथेच, घानातल्या कुमासीत, वडिलांच्या शिलाई मशीनवर. सुई आत कुठे आपटायला लागली की वडील ओरडायचे, "पाय काढ आधी!" म्हणून तुम्हाला सांगतो, आमच्या कंप्युटरच्या डब्यातून तोच आवाज आला तेव्हा मी जावयाला म्हटलं, बोआटेंग, पाय काढ! तर हा शहाणा काय म्हणतो? "नाना, याला पाय नसतो. तो विचार करतोय." विचार! दिवसातून तीनदा वीज गेल्यावर मला विचार सुचत नाही, त्या डब्याला कुठला सुचतोय? चौथ्या दिवशी हार्ड डिस्क मेली.

आणि आत काय होतं? माझ्या बायकोची, सेरवाची सगळी गाणी! ती जाऊन वर्ष होत आलेलं, शनिवारी वर्षाचा कार्यक्रम, सगळी आळी पांढऱ्या कपड्यांत येणार, आणि भोंग्यावर सेरवा गाणार असं मीच साऱ्यांना सांगून बसलेलो...

तर जावई विचारतो, "बॅकअप होता का?" पाद्री डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "देवाची इच्छा, नाना... पण बॅकअप होता का?" शेजारची आदोमा, जन्मभर आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे केंकेचे गोळे विकत आली, तीस वर्षं सेरवाच्या बाजूला उभी राहून चर्चमध्ये गायली, तीही रोज कुंपणावरून, "काय हो, बॅकअप होता का?" अगं, हा शब्द तुला शिकवला कुणी? बायको गेली तेव्हा नाही कुणी विचारलं, बॅकअप होता का म्हणून!

मग तो दुरुस्तीवाला फ्रिम्पाँग. दुकानात मेलेले डबे सुरणासारखे रचलेले. डिस्कला कान लावून डॉक्टरच्या थाटात म्हणतो, "नाना, हिला धक्का बसलाय." मला काय गुदगुल्या झाल्यात? "बॅकअप होता का?" अरे, असता तर तुझं थोबाड बघायला आलो असतो का!

तीन दिवस खाटखूट करून त्या महाभागाने वाचवलं काय? एक गाणं नाही. माझं दुपारचं घोरणं! मी घोरतो हे मी कधी कबूल केलं नाही, म्हणून सेरवाने पुरावा काढून ठेवलेला. चार मिनिटं नुसतं घर्रर्र... चढावरची लॉरी! आणि अगदी शेवटी तिचा आवाज, "ऐका! आणि म्हणे मी घोरत नाही!" मग तिचं ते हसणं. संपलं.

शनिवारी बोआटेंगने तेच लावलं. लावणार काय दुसरं? माणसाएवढे भोंगे, आणि त्यांतून मी घोरतोय! पाद्री जमिनीकडे बघतायत, पोरं लोळतायत, मी टोपी नाकापर्यंत ओढलेली... आणि मग सेरवा बोलली. हसली. लोळणारी पोरं उठून बसली.

लोक पांगल्यावर आदोमा माझ्या खुर्चीपाशी आली. "लावा पुन्हा. शेवटचं तेवढं." लावलं. "पुन्हा." लावलं. म्हटलं, आता विचारणार ही. विचार, बाई, विचार! या खेपेला उत्तर तयार होतं माझ्याकडे : आहे बॅकअप, दोन आहेत, एक तुझ्या पोरीच्या फोनमध्ये टाकलाय! मी तोंड उघडून वाट बघत बसलो...

तिने पांढऱ्या कापडाचं टोक डोळ्यांना लावलं आणि चालती झाली.