उभ्याने दिलेला होकार

...आणि वर पंकज मलाच विचारतो, "मामा, तुम्ही आधीच का नाही बसलात?" अरे बाबा, चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे माझे, ते काय मला विचारून वाकतात?

तुम्हाला सांगतो मंडळी, मी आयुष्यभर एकच विषय शिकवला. जगातल्या भाषा बसणं, उठणं, उभं राहणं, आडवं होणं ही क्रियापदं कशी वापरतात! हसू नका, यावर डॉक्टरेट मिळते. जर्मन माणसाच्या टेबलावर बशी उभी असते... चपटी बशी, पण उभी! आणि शेजारी काटा आडवा. त्यांच्या वर्तमानपत्रात बातमीसुद्धा उभीच असते. डच माणसाची किल्ली खिशात बसते. आणि आपली मराठी? अहाहा! धूळ बसते, घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, संसार उभा राहतो, पोरगं रडत बसतं आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो! केवढी श्रीमंती! ही सगळी क्रियापदं मला येतात, फक्त करता येत नाहीत. चुकत असेन तर थांबवा मला.

तर पंकज म्हणजे माझा भाचा, वाशिंदला कारखान्यात आहे. बहीण आणि मेहुणे दोघंही गेले, तेव्हा घरातलं मोठं माणूस मीच. टोकावड्याच्या दिशा नावाच्या मुलीवर त्याचा जीव, तिचा याच्यावर, आणि तिच्या वडिलांचा, सावळारामांचा निरोप आला, "मोठ्या माणसाला घेऊन या, बैठक करू." म्हणजे दोन पोरांचं आयुष्य माझ्या एका होकारावर! मी आठवडाभर आरशासमोर सराव केला. 'आम्हाला पसंत आहे' म्हणावं, की 'मुलगी आता आमची' म्हणावं? दुसरं जरा हक्काचं वाटतं का? पहिलं कोरडं?... झोप उडाली हो!

गेलो. ओटीवर सतरंजी, सगळे सोयरे गोल करून बसलेले. सावळाराम म्हणाले, "बसा, मामा." मी सतरंजीकडे बघितलं. खाली जाईन, पण वर कोण आणणार? म्हटलं, "नको, उभाच बरा आहे मी." दिशा पाण्याचा तांब्या घेऊन आली, म्हटलं, "पाणीही नको." प्रवासात मी पाण्याला भितो, का ते माझ्या वयाला विचारा. आणि मोठ्या उत्साहाने सुरू केलं, "आम्हाला..."

ओटीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या! दिशा तांब्यासकट तिथेच थिजली.

त्या घरची रीत मला नंतर कळली. होकार देणारा खाली बसतो. नकार देणारा बसत नाही, पाणी घेत नाही, उभ्याउभ्या दोन शब्द बोलतो आणि चपला घालतो. किती नाजूक रीत! 'मुलगी नको' असं कुणाच्या तोंडून कुणाला ऐकावंच लागत नाही. असली सभ्यता मी कुठल्या ग्रंथात वाचली नाही. चुकत असेन तर थांबवा मला. पण तेव्हा कुणी थांबवलं नाही ना!

दिशाची आजी कमळाबाई भिंतीला टेकून होती. कडाडली, "काय रे सावळाराम, मानूस तं उभाच हाय! नाय म्हनायला आलाय हा!" आणि मग मला, "मास्तर, काय खोट दिसली तुमाला आमच्या पोरीत?"

"छे छे, आजी! होकार आहे माझा!"

"उभ्यानं?"

"हो... उभ्यानं."

"उभ्यानं घोडा निजतो, मास्तर! उभ्यानं होकार नसतो!"

कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, "शिकलेली मानसं, टाइम नाय त्यांना." पंकज मागून माझा सदरा ओढतोय, "मामा, बसा हो, ती रडतेय." मी चाचरत म्हटलं, "एखादी खुर्ची..."

"खुर्ची तलाठ्याला!" आजी म्हणाली. "सोयरा खाली बसतो."

मी दिशाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी, पण तांब्या अजून माझ्यापुढेच धरलेला. म्हटलं, गेले गुडघे खड्ड्यात! एक हात पंकजच्या खांद्यावर, एक भिंतीला, डोळे मिटले आणि... बसलो कसला, कोसळलो! असा आवाज आला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

"बसला गो, बसला!" आजी टाळ्या पिटत ओरडली. गूळ वाटला गेला. मी दिशाच्या हातचं पाणी घटाघटा प्यायलो, परतीचा प्रवास देवावर सोडून. आठवडाभर पाठ केलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तर सावळाराम हसले, "आता कशाला बोलताय, मामा? झालं की!" शब्दाविना होकार! सांगा, आहे कुठल्या भाषेत?

मग मंडळी उठली. मी बसलेलाच. जेवणं झाली. मी बसलेलाच. शेजारीपाजारी बघून गेले, आणि आजी प्रत्येकाला, "असा सोयरा पायजे! बाकीचे बसतात ते येष्टीचा टाइम बघत. ह्यो बघा, हालत नाय!" शेवटी चौघांनी उचलून गाडीत घातलं. मी आपला ओरडतोय, "पाय पुढे नको रे, पाय पुढे नको..."

लग्न ठरलं, पोरं खूश. पण तुम्हाला सांगतो, माझ्या शोधनिबंधांसाठी कुणी कधी बोलावलं नाही, आणि परवा वैशाखऱ्याहून एक गृहस्थ घरी आले. "आमच्या बैठकीला याल का? तुमी एकदा बसलात की सोयरीक मोडत नाय म्हनतात." मी नाही म्हणणारच होतो हो. पण नाही म्हणायला उभं राहावं लागतं, आणि मी सोफ्यात पुरता रुतलो होतो.