निळ्या टाकीवरची जोडी

नाही, पण मी म्हणतो, डोंगरावर दुर्बीण ठेवायचीच कशाला? डोंगर आहे, दरी आहे, भणाणता वारा आहे, देवाने दोन डोळे दिलेत, बघा की सुखाने! पण नाही... तिथे कड्याच्या टोकाला तोफेसारखी ही एवढी दुर्बीण, शेजारी एक दुर्बीणवाला, आणि त्याच्यापुढे रांग! तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान आहे, आठवडाभर मी लोकांना 'आता खालची ओळ वाचा' करत असतो, रविवारी तरी काचेतून काही बघायचं नव्हतं मला! निसर्ग बघायला गेलो होतो हो मी... निसर्ग!

बरं, तेही माझ्या मनाने नाही. आमचे वडील! अलीकडे रविवार उजाडला की सुरू... "अरे, जरा मोकळ्या हवेत जा, सूनबाईला फिरवून आण, दुकानात काय मरतोस!" म्हटलं, "बाबा, तुम्हीही चला." की लगेच हात गुडघ्यावर. "माझं कुठलं रे आता... हा उजवा गुडघा जिना बघितला तरी रडतो." आणि खुर्चीतून उठताना माणूस असा कण्हायचा, असा कण्हायचा, की कंबर माझी धरायची! म्हणून आम्ही दोघंच जायचो, कधी नदीवर, कधी बागेत. त्या रविवारी बायको म्हणाली, "आज डोंगरावर." तर बाबा ताडकन, "डोंगर नको! डोंगरावर काय ठेवलंय?" बायको म्हणाली, "डोंगरावरच." आणि ही भडक पिवळी टोपी माझ्या डोक्यावर दाबली. "ऊन लागतं तुम्हाला."

तर वर पोचलो. दुर्बीणवाल्याची टकळी चालू... "या, या, एक नंबर नदीवरचा पूल, दोन नंबर कारखान्याचं धुराडं, आणि तीन नंबर..." इथे तो आवाज खाली आणतो, "निळ्या टाकीवरची जोडी!"

मी विचारलं, "पक्ष्यांची?"

"अहो, माणसांची! दर रविवारी असतात. लोक पूल सोडून तेच बघतात."

माझ्यामागची एक तरुण मुलगी म्हणते, "आज आलेत का हो? मागच्या वेळी उशीर झाला मला, दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं!" आता सांगा, काय ही माणसं! परक्याच्या गच्चीत डोकावायचं? छे छे... म्हटलं आणि लावला डोळा.

निळी टाकी. खाली गच्ची. गच्चीत दोरीवर चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा वाळत घातलेला. म्हटलं वा, या गृहस्थाची आणि आपली आवड अगदी एक! हुबेहूब तसाच, खिशाला तसंच हिरवं ठिगळ... अहो, पायजमा माझा! गच्ची माझी! टाकी माझी! आणि टाकीच्या लोखंडी शिडीवरून खारीसारखे सरसर वर चाललेत ते... आमचे वडील! तो रडणारा गुडघा घेऊन! वर पोचले, वळले, खाली हात दिला, आणि त्या हाताला धरून वर आल्या कोण? मागच्या गल्लीतल्या सिस्टरबाई! इस्पितळातून निवृत्त झालेल्या, बाबांचं ब्लडप्रेशर बघायला येतात त्या! दोघं टाकीवर बसले, थर्मास उघडला, कप एकच, एक घोट ह्यांचा, एक घोट त्यांचा... आणि बाबा हसले. काय सांगू, आई गेल्यापासून त्यांचे दात मी पाहिले नव्हते. मला वाटलं होतं पडले असतील.

निसर्ग बघायला गेलो होतो हो मी!

पण खरा धक्का पुढेच. बाबांनी गळ्यातली छोटी दुर्बीण डोळ्यांना लावली. पक्षी बघायला म्हणून मीच दिलेली, माझ्याच दुकानातली! आणि रोखली कुठे? डोंगराकडे. म्हणजे मी इकडून त्यांना बघतोय आणि ते तिकडून मला! माझ्या डोक्यावर ती पिवळीधमक टोपी! दुर्बीण हळूच खाली आली... आणि त्या माणसाने, टाकीवर बसल्या बसल्या, दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला आणि तोंड वेडंवाकडं केलं!

दुर्बीणवाला ओरडतोय, "काका, सरका आता, मागे रांग आहे!"

"अहो, कसली रांग! वडील आहेत ते माझे!"

सगळी रांग माझ्याकडे वळली. मग ती मुलगी म्हणाली, "अय्या! कित्ती गोड आहेत हो!" एका गृहस्थाने तर पुढे येऊन माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल?

मी निघालो तडक. "अहो, बस येईल की," बायको म्हणते. कसली बस, पायवाटेने! गवतावरून घसरलो, तारेच्या कुंपणाने पँट फाडली, नुकतं पाणी सोडलेल्या शेतात पाय घातला, पाय वर आला, बूट आलाच नाही. पुढे माळावर मेंढ्या, त्या माझ्यामागे! मी धावतो, त्या धावतात! मेंढपाळ लांबून हाका मारतोय, "टोपी काढा! त्यांच्या खाण्याची बादली पिवळी आहे!" म्हणजे माझं डोकं ही बादली! आणि मागून आमच्या सौभाग्यवती संत्रं सोलत, "अहो, बघा तरी, काय फुलं फुललीयेत!"

"फुलं? तिकडे बाप टाकीवर चढलाय आणि तुला फुलं दिसतायत?"

तर म्हणते कशी, "मला ठाऊक आहे. थर्मास कोण भरून ठेवतं?"

मी मटकन बांधावर बसलो. "तुला ठाऊक होतं?"

"तुम्हाला सांगायची त्यांची हिंमत होत नव्हती. म्हटलं, तुम्हीच बघा एकदा."

घरी पोचलो. बाबा खुर्चीत, गुडघ्याला पट्टा... डाव्या! सिस्टरबाई ब्लडप्रेशर घेतायत, स्वेटरवरून! मी दारात, एक बूट, चिखल, फाटकी पँट. म्हटलं, "बाबा, हे काय?"

मग बाबांनी पट्टा सोडला, नीट घडी केली. म्हणाले, "आम्ही लग्न करायचं म्हणतोय. रोज सकाळी ठरवायचो, आज तुला सांगू. तू समोर आलास की तोंडच उघडायचं नाही. भीती वाटायची रे तुझी."

माझी? अहो, लहानपणी जिन्यात ह्यांची वहाण वाजली की मी हातात येईल ते पुस्तक उघडायचो, कधी कधी टेलिफोन डिरेक्टरी! तो माणूस मला घाबरतो?

"आणि इथे भिंतीवर तुझ्या आईचा फोटो," बाबा म्हणाले, "तिच्यासमोर हिला चहा कसा द्यायचा? म्हणून वर..."

सिस्टरबाईंनी पिशवी उचलली. "मी येते. तुमच्या घरात भांडण नको माझ्यापायी." दारापर्यंत गेल्या हो त्या! बाबांनी अडवलं नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. लहान मूल बघतं ना... तसे. भांडण ठासून भरून आणलं होतं मी डोंगरावरून, आणि पुढे ओढली काय, तर दुसरी खुर्ची!

म्हटलं, "सिस्टरबाई, बसा. चहा घ्या. इथे, खुर्चीत. आईला मी सांगतो काय ते. पण त्या टाकीवर पुन्हा चढायचं नाही... लोक बघतात!"

झालं, महिन्याभरात नोंदणी कार्यालयात. बाबांना नवा सदरा, माझ्या टकलाला घाम. साक्षीदार म्हणून सही करायला गेलो, तर तिथला कारकून कागदातून मान वर न काढता विचारतो, "मुलाकडचे की मुलीकडचे?"

म्हटलं, "मुलाकडचा."

त्याने चष्म्यावरून माझं टक्कल पाहिलं. "मुलाचे वडील का?"

"नाही हो... मुलाचा मुलगा! लिहा."