तळघरातला चहा

शिवप्पांनी आमच्या तळघराखालून बोगदा नेला, तो प्रसंग तुम्हाला सांगितलाच पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात नवी पेठेतल्या या आमच्या शेजाऱ्यांची विहीर आटली. पाण्याच्या शोधात त्यांनी विहिरीच्या तळातून आडवे खोदकाम सुरू केले आणि ते थेट माझ्या दुकानाखालच्या तळघराच्या दिशेने आले.

मी म्हणालो, "शिवप्पा, तळघर ही आधीच एक पोकळी आहे. तिच्याखाली दुसरी केलीत, तर मधला मुरूम खचेल. आधी फरशी बसेल, मग भिंती. मी वाचले आहे."

"अण्णा, पुस्तकात पाणी लागतंय व्हय? मुरूम लई घट्ट हाय की!"

मी तळघराच्या भिंतीतील भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने बसवली. भिंत हलली, तर काच तडकणार. ती तडकलीच. तुकडा वर नेऊन दाखवला, तर शिवप्पा म्हणाले, "उन्हानं तडकली असंल."

तळघरात ऊन! मी वाद घातला नाही. उन्हाळ्यात दुपारचा चहा आम्ही दोघे गारव्यासाठी तळघरातच घेत असू. त्या दुपारी मी नेहमीप्रमाणे खाली बसून त्यांना हाक मारली.

शिवप्पा पहिल्याच पायरीवर थबकले. "आज वरच बसू की, अण्णा."

"वर फार ऊन आहे. कप तडकतील."

ते फरशीकडे पाहत राहिले. मग वळून विहिरीवरच्या गड्यांना ओरडले, "खोदायचं थांबवा रे! दगड भरून बोगदा घट्ट ठोकून घ्या. हितं अण्णांचा चहा गार व्हायलाय!"