बिजलीबहाद्दर डाव्या पायानं लंगडते

(अकोला, १९६४. चैत्रातली दुपार. कापसाच्या बाजारातले मापारी चंद्रभान यांचं घर. सोबत बायको दुर्गाबाई आणि सून वच्छला. खाटेवर काळा अंगरखा, मुखवटा आणि डब्याच्या पत्र्यातून कापलेली वीज.)

चंद्रभान : डावा पाय, वच्छला. डावा. तू उजव्यानं लंगडून राह्यली.

वच्छला : मामाजी, लंगडल्याशी मतलब ना? पाय कोणताही असो.

चंद्रभान : कोनताबी कसा? तेरा वर्सं झाले, बिजलीबहाद्दर डाव्या पायानं लंगडते. सारं अकोला वळखते त्या पायाले. मोतीराम फिटर कापसाच्या जिनिंगच्या भिताडावरून कुदला, पाय मोडला, तवापासून. तो पह्यला बहाद्दर.

वच्छला : पण मोडला तो त्यांचा. त्यांच्यानंतर शेषराव आले, त्यांचा पाय तर धड होता म्हणता.

चंद्रभान : दोन्ही धड. तरी लंगडला. नाई तं लोकायले समजलं असतं का नाई, आतला मानूस बदलला म्हनून?

दुर्गाबाई : अन् हेबी सहा वर्सं लंगडले. आता यायचा उजवा गुडघा खरंच गेला, सूनबाई. मांगच्या मंगळवारी दोन्ही पायानं लंगडत बजारातून गेले. तं लोक म्हने, बहाद्दर आता सिधा चालून राह्यला, कोन्या वैद्याचं औषध घेतलं विचारा.

चंद्रभान : तुले हासू येते. माही इज्जत गेली तिथं.

दुर्गाबाई : हासू नाई तं काय करू? दोन मानसं वैद्याचा पत्ता विचाराले माह्याजवळच आले. म्हने, काकू, तुमाले काहून माहीत असन म्हना, पन विचारून ठेवलं.

वच्छला : म्हणजे लोकांना माहीत आहे, आत कोण असते ते?

दुर्गाबाई : हा अंगरखा मी आंगनात वाळू घालतो माय. शेजारीन येते, पाह्यते, म्हन्ते, गोधडी चांगली निंगाली.

चंद्रभान : कोनाले माहीत नाई. तू पुढचं आयक. दाराशी गेली का तीन डाव खोकलाचं. हे शेषरावचं. बिड्या पेये तो, खोकल्यानंच गेला बिचारा. त्यानं लंगडनं घेतलं, आपला खोकला ठेवून गेला.

वच्छला : खोकू का आत्ता?

चंद्रभान : खोकल. ... हे खोकलनं नाई, हे मास्तरीन वर्गात पोराले गप करते ते झालं. पोटातून काढ.

दुर्गाबाई : अवो, आटपा. बहाद्दराले बलावाले निंबाले सूप टांगलं सकाळपासून, अन् तुमी खोकला शिकवून राह्यले. माणिकबाईच्या म्हशीची वगार सरकी खावाले माळ्यावर चढली. जिन्यानं बराबर चढली, आता उतराले तयार नाई. माळा करकर वाजून राह्यला, अन् खाली माणिकबाईची सासू खाटेवर.

वच्छला : सासूला बाहेर काढा म्हणावं आधी.

दुर्गाबाई : बुढी उठत नाई. म्हने, सूप टांगलं ना? मंग बहाद्दर येईन.

वच्छला : पण त्या गल्लीत चार माणसं नाहीत का?

चंद्रभान : पंधरा बसले आंगनात, चहा पिऊन राह्यले. पन एकडाव सूप उलटं टांगलं का मंग बहाद्दर येल्याबिगर कोनी हात लावत नाई. तशी रीतच आहे. मानूस असा का, एकटा असला तं म्हैस उचलन, अन् बहाद्दर येनार म्हनलं का दोरीबी उचलत नाई.

दुर्गाबाई : नत्थूले घालून पाह्यला ना काल? माहा पोरगा हाये, पन सांगतो. अंगरखा बगलेत फाटला, अन् म्हशीले तो भेते.

वच्छला : हो, तेच म्हणाले मला. तू जा, मी पोळ्या टाकतो म्हणाले. आमच्या हिवरखेडले सहा म्हशी होत्या, मामाजी. वगार उतरवणं मले शिकवू नका. मले पदराचं सांगा. तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर काढता येत नाही. मग मुखवटा पदराच्या आतून बांधू का वरून?

चंद्रभान : आता हे मोतीरामनं काई सांगतलं नवतं.

दुर्गाबाई : मुखवटा तोच पदर. बांध. अन् तुमी भिताडाकडं तोंड करा.

चंद्रभान : केलं. भिताडाकडूनच सांगतो. तिसरी गोठ पान्याची. ही इसरशीन तं सारं इसरली समज. ज्या घरी गेली, तिथं काम झाल्यावर पानी मागाचं. घरातल्या भांड्यात. घोटभर नाई, गडवाभर.

वच्छला : हे कोणाचं?

चंद्रभान : देवमनचं. दीक्षा घेऊन आला, त्याच साली शेषराव गेला अन् अंगरखा त्याच्याकडं आला. पाटलाच्या घरात नाग निंगाला होता. त्याच घरी देवमनच्या बापाले दाराबाहीर ओंजळ करून उभं राहा लागे, वरून पानी टाकत. देवमननं नाग धरला, मडक्यात घातला, अन् म्हने, पानी द्या. पाटलीनबाईनं घरातला पितळी गडवा आनला, हातात देला. कोनाले देऊन राह्यली, तिले काय माहीत. मी विचारलं, कसं लागलं रे पानी? म्हने, साधंच होतं, पन तीन गडवे पेलो.

वच्छला : मग?

चंद्रभान : मंग त्याची अमरावतीले बदली झाली. अंगरखा माह्या हातात देला तवा म्हने, चंद्रभानभौ, पाय चुकला तं चुकू दे, पानी सोडू नको. मी सोडलं नाई. एका दिवशी सात घरी गेलो, सात गडवे. चालताना पोट डबडब वाजे.

वच्छला : हे मी करीन, मामाजी. तहान नसली तरी करीन. झालं, बांधला मुखवटा. आता वीज द्या छातीवर लावायला.

चंद्रभान : वीज देत नाई.

दुर्गाबाई : आता हे काय नवीन?

चंद्रभान : देतो, पन पह्यले माहं एक आयका. मोतीरामचा पाय राह्यला, शेषरावचा खोकला राह्यला, देवमनचं पानी राह्यलं. माहं काय हाये त्याच्यात? माहीबी एक निशानी घेऊन जा, तवा वीज.

वच्छला : घेते ना. सांगा कोणती?

चंद्रभान : म्हनजे... निंगताना मिशीले पीळ देजो.

वच्छला : मामाजी.

चंद्रभान : हो, ते नाई जमाचं. मंग शिंकजो.

दुर्गाबाई : आधी खोकलन, मंग शिंकन. लोक दवाखान्यात नेतीन तिले.

चंद्रभान : मी मापारी मानूस. जे उचललं त्याचं वजन सांगाचं मंग. वगार खाली उतरवली का म्हनाचं, तीन मन सात शेर.

वच्छला : आता किलो आले, मामाजी. आणि माणिकबाईच्या सासूला खाटेवरून उचललं तर तिचंही सांगू का?

दुर्गाबाई : सांगशीन तं बुढी मारन तुले.

चंद्रभान : हासा. तुमी हासा दोघीजनी. सहा वर्सं मी त्या मुखवट्यात घामानं भिजलो. पाय दुसऱ्याचा, खोकला दुसऱ्याचा, तहानबी दुसऱ्याची. लोकं बहाद्दर बहाद्दर करत मांग पळत, मले बरं वाटे, खोटं काहून बोलू? पन घरी येऊन अंगरखा काढला का वाटे, यायनं कोनाले पाह्यलं? मी आतमंधी होतो का नवतो? उद्या मी मेलो तं बहाद्दर राह्यन. मले वाईट नाई वाटत त्याचं. पन चिमूटभर तं माहं राहावं त्याच्यात.

दुर्गाबाई : असं कधी बोलले नाई तुमी.

चंद्रभान : कोनापाशी बोलू? बिजलीबहाद्दर कोन हाये ते कोनाले माहीत नाई ना.

वच्छला : मामाजी, एक विचारू? आमच्या शाळेत मधल्या सुटीत पोरं बहाद्दर-बहाद्दर खेळतात.

चंद्रभान : खेळत असतीन.

वच्छला : एकजण दप्तराचं फडकं तोंडाला बांधते. डाव्या पायानं लंगडते, तीन वेळा खोकलते. मग पाणी मागते. शाळेचा माठ दुपारपर्यंत रिकामा होते, हेडमास्तर माह्यावर चिडतात. आणि सगळं झाल्यावर, निघताना मागं वळून एक वाक्य म्हणते. खेळणारं पोर कोणतंही असो, हे वाक्य चुकत नाही.

चंद्रभान : कोनतं?

वच्छला : ‘कडी लावून घ्या.’ मैदानात दार नाही, कडी नाही, तरी म्हणतात. मले वाटे हे मोतीरामचं असन.

चंद्रभान : नाई. मोतीराम जाताना बोलेच नाई. भिताडावरून कुदे अन् चालला जाये.

वच्छला : मग शेषरावचं?

चंद्रभान : तो तं खोकलतच जाये, बोलाले दम कोठी होता?

वच्छला : देवमनचं असेल.

चंद्रभान : नाई, देवमन पानी पेऊन ‘येतो’ म्हने. कडी कोन म्हने मंग?

दुर्गाबाई : कोन म्हने विचारते हा मानूस. लगन झालं तवापासून घराबाहीर पाय टाकला का मले काय म्हन्ता तुमी? मी गोठ्यात असलो तरी म्हन्ता, न्हानीत असलो तरी म्हन्ता. इहिरीवर जाऊन येतो म्हन्ता, तरी कडी लावून घे.

चंद्रभान : ते तं मी तुले म्हन्तो.

दुर्गाबाई : साऱ्या अकोल्याले म्हनून राह्यले असान. सवय ते सवय.

चंद्रभान : मले तं आठोतबी नाई. पोरं म्हन्तात खरंच?

वच्छला : माह्या वर्गात त्रेचाळीस आहेत. त्रेचाळीसही म्हणतात.

दुर्गाबाई : डोये पुसा अन् वीज द्या तिले. बुढी माळ्याखाली हाये तिकडं.

चंद्रभान : घे. पत्रा पोटात टोचते, बसू नको. भिताडाकडून वळू का आता?

वच्छला : वळा.

चंद्रभान : ... बहाद्दर हाये वं. हुबेहूब बहाद्दर हाये.

दुर्गाबाई : सासऱ्याच्या पाया पडून निंग, सूनबाई.

चंद्रभान : काई नाई. बहाद्दर कोनाच्या पाया पडत नाई.

वच्छला : मग गडवाभर पाणी द्या.

दुर्गाबाई : घे माय. सारा पे.

चंद्रभान : डावा पाय ध्यानात ठेवजो. अन् वगारीचं वजन तेवढं मले येऊन सांग, कोनाले सांगत नाई मी.

वच्छला : सांगते. येते, मामाजी. कडी लावून घ्या.