घरी गेल्या

अक्का : ती गादी राहू द्या मिस्त्री, गादी संस्थेची. तुमचं काय ते उचला. कुकर, चादरी, तो छोटा स्टूल.

मिस्त्री : स्टूल राहू दे इथेच. तिला आंघोळीला बसायला केला होता. कुणाला तरी होईल.

अक्का : होईल की. दुपारी नवी मंडळी येतायत या खोलीत. सासरे आणि सून. दोन दिवस इस्पितळाच्या व्हरांड्यात पडून आहेत. म्हणून घाई करतेय हो, नाहीतर चार दिवस राहा म्हटलं असतं तुम्हाला.

मिस्त्री : घाई बरोबर आहे. आम्हीही व्हरांड्यातूनच उठून आलो होतो. तुम्ही फुकट खोली दिलीत म्हणून निभावलं. नाहीतर परक्या गावात आजारी माणूस घेऊन कुठे फिरणार होतो मी?

अक्का : खोली देणाऱ्यांनी दिली, मी फक्त किल्ल्या सांभाळते. बरं, दार लोटा जरा. एक सांगायचंय. शेजारच्या मास्तरीणबाई भेटतील तुम्हाला. त्यांच्याकडे काही बोलू नका.

मिस्त्री : काही म्हणजे?

अक्का : वहिनी गेल्याचं. इथली रीत तुम्हाला ठाऊक आहे. इथे कुणी वारलं असं आपण म्हणत नाही. घरी गेले म्हणतो. सगळे पेशंट, सगळ्यांची माणसं एकाच ओट्यावर रांधतात. एकाची बातमी कळली की साऱ्या मजल्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

मिस्त्री : ठाऊक आहे. मी तेच बोललो ना. त्या दिवशी बाई इस्पितळाच्या दारातच भेटल्या. कशी आहे आमची सुतारीण, म्हणाल्या. आत सगळं संपलेलं होतं. मी म्हटलं, घरी नेतोय.

अक्का : मग झालं तर. बरोबर बोललात.

मिस्त्री : त्यांनी माझा हात हातात घेतला, अक्का. हसल्या. मी आपला ओंडक्यासारखा उभा.

अक्का : त्या हसल्या त्यातूनच चांगलं झालं. ऐका तरी. इतके दिवस ऑपरेशन नको, कापाकापी नको, मी आपली घरी जाते, असं चाललं होतं त्यांचं. डॉक्टर थकले समजावून. वहिनी घरी गेल्या कळल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन हो म्हणून आल्या. उद्या आहे.

मिस्त्री : कुठलं ऑपरेशन?

अक्का : वहिनींचं झालं तेच.

मिस्त्री : डॉक्टर?

अक्का : तेच. असं बघू नका माझ्याकडे. बाईंचं लवकर सापडलंय. वहिनींचं फार पसरलं होतं. बाईंना आशा आहे, डॉक्टर स्वतः म्हणालेत. खोट्यानं का होईना, गाडी रुळावर आलीये. तुम्ही ती घसरवू नका.

मिस्त्री : त्यांच्याजवळ कोण आहे?

अक्का : मी आहे.

मिस्त्री : तुम्ही सगळ्यांच्याच जवळ असता. त्यांचं असं कोण आहे?

अक्का : लेक येणार होती. यांनीच नको म्हटलं. म्हणाल्या, सुतारीण चार दिवसांत घरी गेली, मीही जाईन. उगाच कशाला रजा घालवतेस.

मिस्त्री : लेकीला नको म्हटलं?

अक्का : बसा, बसा आधी. पाणी आणू?

मिस्त्री : मी पोराला हेच बोललो होतो. साधं ऑपरेशन आहे, चार दिवसांत आई घरी, कामाचा खाडा करू नकोस. तो आला तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. आता विचारतो मला, जेवलात का, गोळी घेतलीत का. बाकी शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अक्का : तुमचं दुःख कळतं मला. पण स्वतःचं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नये. ते डोकं उद्या टेबलावर जायचंय.

मिस्त्री : माझं ओझं यानं उतरायचं नाही, अक्का.

मास्तरीण : कुणाचं काय उतरायचं नाही? आणि भर दिवसा दार का लोटलंय? अगंबाई, भावोजी! कधी आलात? आमची सुतारीण कुठाय?

अक्का : ते सामान न्यायला आलेत. निघालेच. गाडी चुकेल त्यांची.

मास्तरीण : एक चुकली तर दुसरी मिळेल. एवढी कसली घाई झाली होती घरी जायची? कुकर विसरून गेलात! सुतारणीला म्हणावं, निरोप न घेता जाणाऱ्यांशी मी बोलत नाही. आणि हे द्या तिला. टोपी विणलीये. माप माझ्याच डोक्याचं घेतलं. आता दोघींची डोकी सारखीच, सोललेल्या अंड्यासारखी. कड जरा तिरपी झालीये, पण तिला सांगा, भेट आलेल्या वस्तूला नावं ठेवायची नसतात. घ्या.

मिस्त्री : हात मळलेत माझे.

मास्तरीण : लोकर धुता येते. घ्या की. हात मागे काय घेताय? अक्का, यांना झालंय काय? जन्म वर्गात गेलाय माझा. मागच्या बाकावर कोण काय लपवतंय ते फळ्याकडे तोंड करून ओळखते मी.

अक्का : प्रवासानं शिणलेत. तुम्ही चला बाई, दूध पिऊन घ्या. संध्याकाळनंतर काही मिळायचं नाही तुम्हाला.

मास्तरीण : पिते हो. भावोजी, एकच विचारते. शुद्धीवर आल्यावर फार दुखलं का तिला? डॉक्टरांना विचारलं तर म्हणतात, थोडंसं. डॉक्टरांचं थोडंसं आणि न्हाव्याचं थोडंसं, दोन्ही सारखंच.

मिस्त्री : बाई, ती शुद्धीवर आली नाही.

अक्का : मिस्त्री!

मिस्त्री : ऑपरेशननंतर रक्त थांबेना. तुम्ही दारात भेटलात तेव्हा ती गेलेली होती. मी म्हटलं घरी नेतोय. नेली. पण अशी नेली.

अक्का : बाई, खाली बसा. माझं ऐका. त्यांची गोष्ट वेगळी होती, तुमचं लवकर...

मास्तरीण : अक्का, थांबा. तुम्हाला ठाऊक होतं?

अक्का : होतं.

मास्तरीण : आणि काल माझ्या शेजारी बसून या टोपीच्या कडेचा रंग निवडलात तुम्ही.

अक्का : निवडला. काय करू मी? इथे सारखं कुणी ना कुणी घरी जात असतं, बाई. खरं सांगत सुटले तर उरलेल्यांनी उठायचं कशाच्या जोरावर? तुम्ही हो म्हटलंत. मला तेवढं पुरेसं होतं.

मास्तरीण : आणि तुम्ही, भावोजी. माझा हात होता तुमच्या हातात.

मिस्त्री : होता.

मास्तरीण : त्या दिवशी मी वर येऊन सगळ्यांना चहा पाजला. सुतारीण बरी झाली म्हणून. ती तिकडे तशी पडलेली, आणि मी इथे कपात साखर ढवळत होते. काय करायला लावलंत मला, कळतंय का?

मिस्त्री : कळतंय.

मास्तरीण : काही कळत नाही. कळत असतं तर आज तोंड उघडलं नसतंत. उद्या माझं ऑपरेशन. ते झाल्यावर सांगितलं असतंत तर काय बिघडत होतं?

मिस्त्री : तुम्ही लेकीला नको म्हणालात.

मास्तरीण : तिचा इथे काय संबंध?

मिस्त्री : मी पोराला नको म्हटलं होतं. तिला आत नेत होते, तेव्हा तिनं दोनदा मान वळवून दाराकडे बघितलं. मला वाटलं, चपलांकडे बघतेय. मी म्हटलं, चपला घेतल्यात गं मी. ती आत गेली.

(ओट्याकडून भांड्यांचा आवाज येत राहतो.)

मास्तरीण : करू का मी ऑपरेशन?

मिस्त्री : ते मला विचारू नका. मी लाकडातला माणूस. डॉक्टरांना विचारा. तिचं नको, तुमचं विचारा.

मास्तरीण : अक्का, खरं सांगा. माझं लवकर सापडलंय हे डॉक्टर म्हणाले, की तेही इथल्या रीतीतलंच?

अक्का : माझ्या गळ्याची शपथ. तुमच्यासमोरच म्हणाले होते.

मास्तरीण : असतील. मी ऐकलंच नव्हतं. तिच्याकडे बघून हो म्हटलं मी.

अक्का : म्हणजे आता नाही म्हणणार?

मास्तरीण : आता मी काहीच म्हणत नाही. एक दिवस पुढे ढकला म्हणून सांगेन, मग समोर बसून नीट विचारेन. माझा फोन कुठाय?

अक्का : खिशातच आहे तुमच्या. डॉक्टरांना लावताय?

मास्तरीण : लेकीला.

मिस्त्री : मी बाहेर थांबतो.

मास्तरीण : बसा तिथेच. तुम्हाला जा म्हटलं नाही मी अजून. रागावून झालेलं नाही माझं. हॅलो? हो, मीच. जेवलीस? बरं, ऐक. येऊ नको म्हटलं होतं ना मी तुला? नाही गं, आवाज असाच आहे. अक्का आहेत जवळ, सुतारणीचे मिस्त्री आहेत. नाही, काही झालेलं नाही. अजून काही झालेलं नाही, म्हणूनच सांगतेय. आज निघ.